साडेसहा फूट ईशान्येला

यंदा होळीनंतर आठव्या दिवशी रानात पहिली भेग दिसली. गहू निघून गेला होता, जमीन वरून पांढरट पडली होती आणि त्या पांढरटपणात करंगळीएवढी काळी रेघ आडवी गेली होती. मी कडब्याचं एक धाट तिच्यात सोडलं. वीतभर आत जाऊन ते अडकलं. वैशाखात हेच धाट अडीच फूट खाली जातं आणि भेगेत माझी चार बोटं आडवी मावतात. बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे, त्यात फार फरक पडत नाही.

मोजायची सवय मला नोकरीने लावली. मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक आहे. रोज सकाळी कालव्यातली मोजपट्टी वाचायची, पाणी किती चढलं, किती उतरलं ते वहीत लिहायचं. सत्तावीस वर्षं हेच केलं. घरी आल्यावर ही सवय खुंटीला अडकवून ठेवता येत नाही. आमच्या सुमनच्या चहात साखरेचे किती चमचे पडतात हे मला माहीत असतं, आणि मला ते माहीत असतं याचा तिला त्रास होतो.

उन्हाळ्याबद्दल आमच्या परभणीकडे कोणी चांगलं बोलत नाही. ऊन पंचेचाळीसच्या घरात जातं, दुपारी कुत्रंसुद्धा नळाखालच्या ओल्या जागेवरून उठत नाही. तरी मला हा ऋतू आवडतो. सकाळी सहाला रानात गेलं तर हवा गार असते. नांगरलेल्या ढेकळांना रात्रीचा थोडा दमटपणा असतो, त्यांचा वास येतो. लिंबाला बारीक पांढरी फुलं लागतात आणि त्या कडू झाडाखाली गोड वास पडून असतो. गल्लीत जयंतीच्या निळ्या पताका अजून असतात, उन्हाने त्यांचा रंग आभाळाइतका फिका होतो. घराघरांवर कुरडया, पापड वाळत असतात. आणि दर दोन दिवसांनी कुठल्या तरी दिशेने लग्नाचा बँड ऐकू येतो. पीक रानात नसतं, त्यामुळे चिंताही रानात नसते. जमीन उघडी, सपाट, स्वच्छ दिसते. कुणाचं रान कुठे संपतं आणि कुणाचं कुठे सुरू होतं, ते या दोन महिन्यांतच नीट कळतं.

भेग पाहिली की मला सात वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवतो. त्या उन्हाळ्यात माझ्या एका आकड्याने गावात गोंधळ केला. आकडा बरोबर होता, हे आधीच सांगतो.

आमची प्रज्ञा तेव्हा नववी पास होऊन दहावीत गेली होती. भूगोल मोठ्याने वाचायची तिची पद्धत. सुमन गच्चीवर पापड लाटायची, प्रज्ञा जिन्याच्या सावलीत बसून वाचायची आणि मी सकाळची फेरी करून आलो की तिथेच टेकायचो. एकदा तिने अर्धवट वाळलेला उडदाचा पापड उचलला आणि दोन्ही हातांनी तोडला.

"आई, बघ. हा दक्षिण अमेरिका, हा आफ्रिका. जोडले की बसतात का नाही?"

"बसतात," सुमन म्हणाली. "आता ते दोन्ही तूच खा. पाहुण्यांना तुटका पापड वाढता येत नाही."

मी मात्र ते दोन तुकडे हातात घेऊन बसलो. नकाशा मी शाळेत कमी वेळा पाहिला नव्हता. आफ्रिकेच्या खोबणीत ब्राझीलचा कोपरा बसतो, हे कधी दिसलं नव्हतं. पुस्तकात पुढे लिहिलं होतं की एके काळी सगळी जमीन एकत्र होती. मग ती फुटली, तुकडे वेगवेगळ्या दिशांना निघाले. आपला तुकडा आफ्रिका, मादागास्कर यांच्यापासून सुटून उत्तरेकडे निघाला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाटेत असताना जमिनीला मोठमोठ्या भेगा पडून लाव्हा वर आला, थरावर थर साचला, त्याचा काळा दगड झाला. तो दगड झिजून आमची काळी माती झाली.

हे वाचल्यावर मी कागद घेतला. तो लाव्हा वर आला तेव्हा आपला भाग विषुववृत्ताच्या खाली, साधारण वीस-एकवीस अंशांवर होता असं धरलं. आज परभणी विषुववृत्ताच्या वर एकोणीस अंशांवर आहे. म्हणजे चाळीस अंशांचा प्रवास. एका अंशाला एकशे अकरा किलोमीटर धरले तर चार हजार चारशे किलोमीटरच्या आसपास. त्याला साडेसहा कोटींनी भागलं. उत्तर आलं वर्षाला पावणेसात सेंटीमीटर. पुस्तकात लिहिलं होतं की आधी वेग जास्त होता, आता तो पाच सेंटीमीटरच्या आसपास आहे. माझं उत्तर त्या दोन्हींच्या मध्ये बसत होतं. मला फार बरं वाटलं. कोट्यवधी वर्षांचं गणित आपल्या जिन्यात बसून जमतं आणि जवळपास जुळतं, याचा आनंद कुणाला सांगून कळणार नाही.

काळी माती जिवंत असते, श्वास घेते, असं बरेच लोक लिहितात. मी तसं म्हणणार नाही. ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते, एवढंच. पण तिच्या खालचा दगड समुद्र ओलांडून इथे आला आहे, हे कळल्यापासून विहिरीच्या कठड्याला हात लावताना मला तो दगड पाहुणा वाटतो. आपल्या आधी आलेला आणि आपल्यानंतरही न थांबणारा.

त्या दिवशी जेवताना मी सुमनला सांगितलं, "हे घर बांधून सोळा वर्षं झाली. सोळा पंचे ऐंशी. आपलं घर ऐंशी सेंटीमीटर ईशान्येला सरकलंय."

ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "मग गॅसवाल्याला घर सापडतं कसं?"

प्रज्ञा हसली, मीही हसलो. सुमनचं बोलणं मी नेहमीप्रमाणे थट्टेत काढलं. तिने प्रश्नाच्या नेमक्या जागी बोट ठेवलं होतं, हे मला कळायला दहा दिवस लागले.

आमचं गाव पिंगळी स्टेशनपासून चार किलोमीटरवर. रविवारी सकाळी मी फाट्यावरच्या हॉटेलात चहाला जातो. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, दोन बाकडी आणि एक भट्टी. त्या रविवारी बापूराव तिथे होते. माझ्या रानाला लागून त्यांचं रान आहे. माणूस सरळ, पण गोष्ट ऐकली की ती लगेच वापरात आणायची घाई. मी प्रज्ञाच्या पुस्तकातलं सांगू लागलो. सगळे ऐकू लागले, कारण कालव्याचं पाणी किती दिवसांनी येणार हे मी सांगतो तेव्हा ते तितक्याच दिवसांनी येतं. माझ्या आकड्यावर गावाचा विश्वास आहे.

"म्हंजे आपलं रान सरकायलंय म्हणताव, साहेब?" बापूरावांनी विचारलं.

"सरकतंय. वर्षाला पाच सेंटीमीटर."

"आमच्या आजानं वाटण्या करून धुऱ्यावर दगड रोवले, त्याला चाळीस वर्षं झाली."

"चाळीस पंचे दोनशे. दोन मीटर झाले. साडेसहा फूट धरा."

"आन् कोण्या अंगाला?"

"ईशान्येला."

बापूरावांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि हाताने दिशा दाखवली. "ईशान्य म्हंजे आमच्या गयावैनीच्या अंगाला ना?"

"हो," मी म्हणालो. "त्याच अंगाला."

तिथे मी चुकलो. सत्तावीस वर्षांत कालव्याच्या वहीत मी एकही आकडा असा लिहिला नाही, की जो कशापासून मोजला ते लिहिलेलं नाही. आणि चहाच्या बाकड्यावर बसून मी साडेसहा फूट म्हणालो, पण ते कशापासून हे सांगितलं नाही.

गयाबाई म्हणजे बापूरावांच्या चुलतभावाची बायको. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. एक मुलगी, कांचन. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, एका बाजूला गयाबाईंचं रान, दुसऱ्या बाजूला बापूरावांचं, आणि त्याच्या अलीकडे माझं. नवरा गेल्यापासून गयाबाईंच्या रानाची नांगरट बापूरावांच्याच ट्रॅक्टरने होत आली होती. दोन्ही घरांची ऊठबस एकत्र होती. संक्रांतीला, पोळ्याला एका घरचं ताट दुसऱ्या घरी गेलं नाही असं मी पाहिलं नव्हतं.

त्यानंतरच्या बुधवारी मी कालव्यावरून परत आलो तर गयाबाई आमच्या ओसरीवर बसलेल्या. सुमनने पाणी दिलेलं, तांब्या तसाच भरलेला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमी हाटेलात बसून काय सांगितलाव? आमच्या भाऊजीचं रान माझ्या रानात साडेसहा फूट आलंय मनून?"

"मी असं नाही म्हणालो."

"मग त्यांनी माझ्या रानात तुराट्या कामून रोवल्यात? एका ओळीनं. वर म्हणत्यात, साहेबाचा आकडा हाय. ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठिवलंय, काड्यापस्तोर नांगर."

मी काही बोलायच्या आत त्यांचा आवाज उतरला. "रान साडेसहा फूट गेलं तर गेलं, भाऊ. मला त्याचं तितकं न्हाई. कांचनचं लगीन अठरा दिसांवर आलंय. तिला बाप न्हाई. कन्यादानाला जोडीनं बसायला हेच दोघं, भाऊजी आन् लक्ष्मी. आता मी धुऱ्यावर भांडू का त्यांना पाटावर बसा म्हणू? दोनी कसं करू?"

सुमन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. त्या निघून गेल्यावर तिने एकच वाक्य म्हटलं. "मी त्या दिवशी गॅसवाल्याचं विचारलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी धुऱ्यावर गेलो. बापूरावांना निरोप धाडला होता, गयाबाईंनाही. ते दोघं धुऱ्याच्या दोन बाजूंना उभे होते, एकमेकांकडे न बघता. गयाबाईंच्या रानात तुराट्यांची सरळ ओळ होती. मी टेप लावून पाहिला. ओळ धुऱ्याच्या दगडापासून बरोबर साडेसहा फुटांवर होती. बापूरावांनी माझा आकडा प्रामाणिकपणे पाळला होता. त्याच वेळी मला आणखी एक गोष्ट दिसली. बापूरावांच्या रानातून निघालेली एक भेग धुऱ्याखालून जाऊन गयाबाईंच्या रानात वीस पावलं गेली होती. दगडापाशी ती वळली नव्हती की थांबली नव्हती.

"बापूराव," मी म्हणालो, "मी हॉटेलात जे सांगितलं ते अर्धवट होतं. चूक माझी आहे. म्हणून आलो."

"आकडा चुकीचा व्हता का?"

"आकडा बरोबर आहे."

"मग?"

"मग असं करू. माझं रान तुमच्या मागच्या अंगाला आहे. तुमचं रान साडेसहा फूट पुढे गेलं, तर माझं तुमच्यात साडेसहा फूट आलं. उद्या मीही तुराट्या रोवतो."

"तुमी काय सोडताव व्हय!" बापूराव पहिल्यांदा हसले, मग थांबले. "आन् तुमच्या मागं तर वढा हाय."

"ओढा माझ्यात आला."

"आन् वढ्याच्या मागं देशमुखाचा बंगला."

"तो ओढ्यात आला."

पदर खोचून गयाबाई एक पाऊल पुढे आल्या. "एवढा हिशोब कशाला लागतोय? भाऊजी, तुमचं रान सरकलं, तर माझं काय खिळे ठोकून ठिवलं व्हतं का? ते बी सरकलं. जितकं तुमचं तितकंच माझं."

हेच सांगायला मी बैलगाडीचं उदाहरण तयार करून आलो होतो. दोन माणसं एका गाडीत बसली, गाडी पिंगळीला गेली, तर त्या दोघांमधलं अंतर कमी होतं का, असं ते उदाहरण. गयाबाईंनंतर त्याची गरज नव्हती, तरी मी ते सांगितलं. तयारी केलेली होती.

"गाडीत दचके बसत्यात, साहेब," बापूराव म्हणाले. "माणूस माणसावर आदळतं."

"आदळतं. पण ते गाडीच्या तोंडाशी. उत्तरेला दुसरी मोठी गाडी आहे, आपली गाडी तिच्यावर रेटतेय. जिथे रेटतेय तिथे हिमालय उभा राहिला. आपण मध्ये बसलोय."

"मग किल्लारीला काय झालं व्हतं? ते बी मधीच हाय की."

त्या भूकंपाच्या पहाटे आमच्या घरातली फडताळावरची भांडीही वाजली होती, ते आम्हा तिघांनाही आठवत होतं. मी म्हणालो, "तोंडाशी रेटा बसला की ताण सगळ्या गाडीत येतो. कुठली फळी कधी तडकेल ते मला सांगता येणार नाही. पण फळी तडकली म्हणून एकाचं रान दुसऱ्याच्या रानात जात नाही, एवढं नक्की."

भेगेच्या कडेचं एक ढेकूळ बापूरावांनी पायाने आत ढकललं. ते खाली जाताना आवाज आला.

"जमीन सरकली का न्हाई हे मी तुमाला इचारलं, साहेब," ते म्हणाले. "इचारलं म्हणून तुमी सांगितलाव. पण आमच्या कांचनची सुपारी फुटली हे मला कुणी सांगितलं? पिंगळीच्या सलूनात कळलं मला. दाढीला साबन लावलेला. न्हावी म्हनतो, पुतणीचं जमलं म्हनं, पेढे कवा? मी म्हनलं, हाव, जमलं. अर्ध्या तोंडाला साबन, आन् मी म्हनलं जमलं. कुठं जमलं, कुणाशी जमलं, मला ठावं न्हाई."

मी टेप गुंडाळायचा थांबलो. साडेसहा फुटांचा हिशोब मी रात्रभर घोकत होतो आणि भांडण त्या हिशोबाचं नव्हतंच.

गयाबाई म्हणाल्या, "तुमी नांदेडला गेल्ताव त्या दिशी. पाव्हणे अवचित आले. पोरगी बघितली, पसंत म्हनले. चार दिस थांबा, हिच्या चुलत्याला येऊ द्या, असं म्हनायचा धीर झाला न्हाई मला. परतून गेले असते तर? फोन तरी करायचा व्हता. चुकलं माझं."

गयाबाईंच्या रानात जाऊन बापूरावांनी एकेक तुराटी उपटली, सगळ्यांची मोळी करून धुऱ्यावर टाकली आणि तेवढ्यात येऊन थांबलेल्या ट्रॅक्टरवाल्याला हात करून आपल्या रानाकडे वळवलं. मग ते घराकडे चालू लागले. गयाबाई त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या.

पुढच्या रविवारी मी हॉटेलात सगळ्यांसमोर सांगितलं की त्या दिवशी मी अर्धं बोललो होतो, आणि उरलेलं अर्धं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. तेव्हापासून आजतागायत कोणी तरी विचारतंच, "साहेब, आज गाव कुठवर आलं?" मी सांगतो, "कालच्यापेक्षा थोडं पुढे." हे खोटं नाही.

जमिनी वेगळ्या निघाल्या त्याबद्दल मी नंतर बरंच वाचलं. प्रज्ञा आता बाहेरगावी शिकते, सुट्टीत येताना माझ्यासाठी एखादं पुस्तक आणते. मादागास्कर आपल्यापासून सुटला त्याला साधारण पावणेनऊ कोटी वर्षं झाली. तो तिकडेच राहिला, आपण इकडे आलो. पण म्हणे दोन्हीकडे काही खडक असे आहेत की एकाच खाणीतून काढल्यासारखे. आमच्याकडे घरं वेगळी निघतात तेव्हा चूल वेगळी होते, धुरा पडतो, दगड रोवले जातात, आणि तरी एका घरातली पोरगी दुसऱ्या घरातल्या आजीसारखी चालते. मी यातून काही मोठं सांगू इच्छित नाही. फक्त वेगाचा विचार करतो. इतक्या हळू गेलं तर जाताना कुणालाच काही कळत नाही. वर्षाला पाच सेंटीमीटर कुणाच्या डोळ्यांना दिसत नाहीत. चार दिवस फोन केला नाही, हेही त्या चार दिवसांत गयाबाईंना दिसलं नव्हतं.

आणखी एक हिशोब मी कधी कधी करतो. माझं वय आता त्रेपन्न. म्हणजे मी जन्मलो त्या जागेपासून ती जागाच दोन मीटर पासष्ट सेंटीमीटर पुढे आली आहे. मी नोकरी याच जिल्ह्यात केली, बदली मागितली नाही, सोनपेठच्या पलीकडे कधी बिऱ्हाड केलं नाही. पूर्वी कोणी म्हणालं की तुम्ही जागचे हललाच नाहीत, तर मला थोडं लागायचं. आता लागत नाही. घर, विहीर, लिंब, सुमनचे पापड, बापूरावांचा ट्रॅक्टर, सगळे बरोबर आहेत आणि सगळे चालले आहेत. मला यात समाधान वाटतं.

कांचन यंदाही माहेरी आली आहे. तिचा मुलगा पाच वर्षांचा आहे, रोज भेगांमध्ये खडे टाकतो आणि आवाज ऐकतो. तिला पाहिलं की मला लग्नाचा दिवस आठवतो. त्याच्या आदल्या दोन आठवड्यांत बापूराव गयाबाईंच्या घरी गेले नव्हते. गयाबाई दोनदा त्यांच्याकडे जाऊन आल्या, दोन्ही वेळा ते रानात होते, निदान घरून तसं सांगितलं गेलं. हळदीला लक्ष्मीबाई एकट्या आल्या. सगळ्यांत मिसळल्या, जात्यावर बसल्या, हसल्या. "ते?" असं कोणी विचारलं की, "येतेल," एवढंच म्हणायच्या.

लग्न गयाबाईंच्या घरासमोर होतं. मांडवात सातशे माणूस होतं, मी पंगतीच्या हिशोबासाठी मोजलं होतं. दुपारचं ऊन कापडातून पिवळं गळत होतं, दोन मोठे कूलर नुसतेच घरघरत होते. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. बापूराव कुठेच दिसत नव्हते. गुरुजींनी हाक दिली, "कन्यादानाला जोडा बसवा."

गयाबाई मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. विधवा बाईने उभं राहायचं तिथेच, कडेला. त्यांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग आपल्या भावाकडे पाहून मान हलवली. कांचनचे मामा उठले, मामीने पदर सावरला.

"थांबा की जरा," मागून आवाज आला.

बापूराव रस्त्याने आलेच नाहीत. ते घरामागून आले, आचाऱ्यांच्या भट्टीकडून. अंगातला पांढरा सदरा घामाने चिकटलेला, बाहीला काजळी, बोटांना पाक. ते उपरण्याला हात पुसत होते. त्यांच्यामागे आलेला आचारी आमच्याकडे बघून म्हणाला, "पहाटं चारपासून बुंदीवर ह्येच हाईत. झारा हातातून सोडला न्हाई."

"भाऊजी," गयाबाई म्हणाल्या. "मला कुणी सांगितलं न्हाई."

"मी कुठं सांगितलं?" बापूराव म्हणाले. "झाली की फिटंफाट."

मामा हसून मागे सरले. लक्ष्मीबाई आधीच पुढे आल्या होत्या. दोघं पाटांवर बसले. गुरुजींनी पळीत पाणी घेतलं, कांचनचा हात पुढे झाला. बापूरावांनी गुरुजींना थांबवलं. ते पाटावरून उठले, पाट बाजूला सारला आणि खालच्या सतरंजीवर एका कडेला बसले. लक्ष्मीबाईंना त्यांनी खुणेने दुसऱ्या कडेला सरकवलं. मध्ये एका माणसापुरती जागा झाली.

"वैनी, या."

मांडवात कुजबुज झाली. पुढच्या रांगेतले एक म्हातारे भावकीतले गृहस्थ म्हणाले, "बापू, असं करत नसत्यात."

गयाबाई खांबाजवळून हलल्या नाहीत. "मी कशी बसू, भाऊजी? लोकं काय म्हनतील?"

"पोरगी कुणाची हाय?" बापूरावांनी सतरंजीवर हात थोपटला. "बसा. जागा हाय."